हेल्मेटचेही वय होते

नवी दुचाकी घरी येते तेव्हा तिच्याबरोबर हेल्मेटही येते. पुढच्या सात-आठ वर्षांत गाडीचे टायर बदलले जातात, बॅटरी बदलली जाते, ब्रेक घासले की मेकॅनिककडे फेरी होते, ऑइल तर ठरल्या वेळी बदलतेच. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून तेच राहते. आतले कापड काळे पडलेले, काचेवर ओरखडे, पट्ट्याचे बक्कल कधी लागते, कधी लागत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : "चालतंय की अजून!"

ते चालते, कारण हेल्मेटची परीक्षा रोज होत नाही. ब्रेक खराब झाला तर दुसऱ्याच दिवशी चौकात कळते. हेल्मेट खराब झाल्याचे कळायला डोके रस्त्यावर आपटावे लागते. ही परीक्षा बहुधा एकदाच होते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात संपते. म्हणून हेल्मेट कधी बदलायचे, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवायला हवा.

प्रश्न किती मोठा आहे, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीवरून दिसते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातले जवळजवळ ४४ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५० हजार २९ होती. त्यात ३५ हजार ६९२ चालक होते आणि १४ हजार ३३७ मागे बसलेले. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. जुन्या हेल्मेटचा आणि मागच्या सीटचा संबंध पुढे येणार आहे.

हेल्मेट नेमके काय करते?

हेल्मेट म्हणजे डोक्यावरचे कठीण टोपडे, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे बाहेरचे कवच टणक आणि चकचकीत दिसले की हेल्मेट चांगले, असे वाटते. प्रत्यक्षात हेल्मेटचे चार भाग चार वेगवेगळी कामे करतात.

बाहेरचे कवच प्लास्टिकचे किंवा फायबरचे असते. ते टोकदार वस्तू आत घुसू देत नाही, एका जागी बसलेला मार मोठ्या भागावर पसरवते आणि डोके रस्त्यावरून घसरू देते. त्याच्या आत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर्माकोलचा थर असतो. मेंदूला वाचवणारा खरा भाग हाच. तिसरा भाग म्हणजे डोक्याला लागणारे मऊ स्पंज आणि कापड. ते केवळ आरामासाठी नसते, हेल्मेट डोक्यावर घट्ट बसवण्याचे काम त्याचे असते. चौथा भाग हनुवटीखालचा पट्टा. तो नसेल किंवा लावलेला नसेल, तर बाकीच्या तिन्ही भागांचा उपयोग होण्याआधीच हेल्मेट उडून जाते.

थर्माकोल काय करतो, हे एका साध्या हिशेबाने समजते. मोठ्या माणसाचे डोके साडेचार-पाच किलो वजनाचे असते. दुचाकीवरून माणूस आडवा पडला आणि डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून खाली आले, तर रस्त्याला लागताना त्याचा खाली येण्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग शून्यावर यायचा असतो. डोके उघडे असेल तर थांबायला फक्त त्वचेच्या जाडीइतके, म्हणजे काही मिलिमीटर अंतर मिळते. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या काहीशे पटींत जातो. हेल्मेट असेल तर थर्माकोल दबतो आणि डोक्याला थांबायला सुमारे दोन सेंटिमीटर मिळतात. धक्का शंभर पटींच्या आत येऊ शकतो. कवटी फुटणे आणि उठून बसणे यांतला फरक अनेकदा या दोन सेंटिमीटरचा असतो.

मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. कवटी अचानक थांबली तरी मेंदू पुढे जात राहतो आणि आतून आपटतो. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये किंवा त्या आवरणाखाली रक्त साचते. कधी मेंदूतले सूक्ष्म तंतूच ताणले जाऊन तुटतात. रक्त साचले तर शस्त्रक्रियेने काढता येते, तुटलेले तंतू जोडण्याची शस्त्रक्रिया नाही. असे रुग्ण जगले तरी बोलणे, चालणे, स्वभाव, स्मरण यांतले काहीतरी कायमचे गमावून बसतात. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात अशा तरुणाच्या खाटेशेजारी महिनोन्महिने बसलेली आई किंवा पत्नी हे दुर्मीळ दृश्य नाही.

हेल्मेटचा उपयोग किती, याबद्दल आता वाद राहिलेला नाही. २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

दोन अपघात आणि एक आकडा

हेल्मेटच्या इतिहासात दोन अपघातांचे महत्त्व मोठे आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडणारा लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

दुसरा अपघात अमेरिकेतला. १९५६ मध्ये पीट स्नेल हे मोटार शर्यतपटू अपघातात मरण पावले. त्यांनी हेल्मेट घातले होते, पण ते डोके वाचवू शकले नाही. त्यांच्या नावाने १९५७ मध्ये स्नेल मेमोरियल फाउंडेशन स्थापन झाले आणि हेल्मेटच्या काटेकोर चाचण्या सुरू झाल्या. हेल्मेट असणे आणि ते काम करणारे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या अपघाताचा धडा.

'हेल्मेट पाच वर्षांनी बदला' ही सर्वत्र ऐकू येणारी शिफारस याच स्नेल फाउंडेशनची आहे. काही उत्पादक वापर सुरू केल्यापासून ५ वर्षे किंवा उत्पादनाच्या तारखेपासून ७ वर्षे, यांतले जे आधी येईल ते धरायला सांगतात. जपानमध्ये सुरक्षिततेचे 'एसजी' चिन्ह मोटारसायकलच्या हेल्मेटवर ३ वर्षांपुरतेच ग्राह्य धरले जाते.

थर्माकोल म्हातारा होतो का?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाच वर्षे म्हणजे औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. पाच वर्षे पूर्ण झाली म्हणून दुसऱ्या दिवशी हेल्मेट निकामी होत नाही, आणि पाच वर्षे झाली नाहीत म्हणून ते चांगले आहे असेही नाही.

कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये वापरलेल्या, पण अपघातात न आपटलेल्या सायकलच्या हेल्मेटमधल्या थर्माकोलची तपासणी प्रसिद्ध केली. सायकलच्या हेल्मेटमध्येही याच जातीचा थर्माकोल असतो. केवळ वय वाढल्यामुळे त्याच्या गुणधर्मांत फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही. मग हेल्मेट बदलायचे कशाला, असा प्रश्न कुणी विचारील आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर असे, की हेल्मेट म्हणजे नुसता थर्माकोल नव्हे. थर्माकोल टिकला तरी बाकीचे भाग झिजतात. डोक्याला लागणारा स्पंज रोजच्या वापराने दबतो. नवे असताना गालांना घट्ट लागणारे हेल्मेट तीन-चार वर्षांनी सैल होते. सैल हेल्मेट पहिल्याच धक्क्याला फिरते किंवा मागे सरकते आणि कपाळ उघडे पडते. पट्ट्याची वीण विरते, बक्कलचे दाते झिजतात, पट्टा कवचाला जोडणारे रिव्हेट गंजतात. गोंद सुटतो, आतला थर कवचापासून वेगळा होतो. कवचाचे प्लास्टिक उन्हाने पिवळट आणि ठिसूळ होते. आणि पाच वर्षांत हेल्मेट किती वेळा कुठे आपटले, याचा हिशेब कुणाजवळ नसतो. पाच वर्षांचा आकडा या सगळ्यांची गोळाबेरीज आहे. ज्याचे हेल्मेट आठवड्यातून एकदा बाहेर निघते आणि एरवी कपाटात राहते, त्याचे काही वर्षे जास्त टिकेल. जो दिवसाचे दहा तास घरोघरी सामान पोहोचवत फिरतो, त्याचे पाच वर्षे टिकेलच असे नाही.

ऊन, घाम, तेल आणि पेट्रोल

आपल्याकडचे हवामान आणि सवयी हेल्मेटला मानवणाऱ्या नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हेल्मेट दिवसभर गाडीला अडकवलेले असते. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिक आणि पट्ट्याचे धागे दोन्ही कमजोर करतात. कोकणात आणि मुंबईत चार महिने पावसाचे. ओले हेल्मेट तसेच डिकीत टाकले की आतल्या कापडाला बुरशी लागते आणि खिळे-रिव्हेट गंजतात.

डोक्याला चोपडलेले तेल आणि घाम आतल्या स्पंजात मुरतात. केसांच्या तेलांचा उल्लेख स्नेलच्या कारणांच्या यादीतही आहे. उपाय सोपा आहे. डोक्यावर सुती रुमाल किंवा टोपी पातळ एकपदरी बांधावी, तीही हेल्मेट नवे घेताना घालून पाहावी. जाड उपरणे गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवू नये, ते नीट बसत नाही.

सर्वांत मोठा शत्रू पेट्रोल. पेट्रोलचा थेंब पडला की थर्माकोल विरघळतो. रॉकेल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचे द्रव यांनीही हेल्मेटचे नुकसान होते. काही प्लास्टिकची कवचे अशा द्रवांनी वरून दिसणार नाहीत अशी आतल्या आत तडकतात. म्हणून हेल्मेट चकचकीत करण्यासाठी पेट्रोलचा बोळा फिरवणे, त्यावर रंग मारणे, पेट्रोलची चिंधी ठेवलेल्या डिकीत ते ठेवणे, हे सगळे टाळावे. साबणाचे सौम्य पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. वाळवायचे ते सावलीत.

आणखी एक सवय सर्रास दिसते. गाडी लावली की हेल्मेट आरशावर अडकवले जाते. आरशाचा कोपरा किंवा दांडा थर्माकोलमध्ये रुततो आणि तिथे खळगा पडतो. तो खळगा नेमका डोक्याच्या माथ्यावर असतो. दबलेला थर्माकोल परत फुगत नाही. त्या जागी मार बसला तर दबायला काहीच उरलेले नसते.

एकदा आपटले की संपले

हेल्मेट बदलण्याचा एक नियम मात्र वयाशी जोडलेला नाही आणि त्याला अपवाद नाही. डोके आत असताना हेल्मेट आपटले, तर ते बदलायचे. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नसला तरी बदलायचे. कवच प्लास्टिकचे असल्यामुळे दबून परत पूर्ववत होते, आतला थर्माकोल मात्र दबलेलाच राहतो. त्याने आपले काम एकदा केलेले असते.

रिकामे हेल्मेट हातातून पडले तर काय? घाबरायचे कारण नाही. सव्वा किलोचे हेल्मेट मीटरभर उंचीवरून पडते तेव्हा त्याची ऊर्जा अपघातात आपटणाऱ्या डोक्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी असते. शिवाय आत डोके नसल्यामुळे थर्माकोल दोन बाजूंनी चिरडला जात नाही. तडा नाही हे नीट पाहून वापरत राहावे. पण चालत्या गाडीवरून पडले, जिन्यावरून गडगडले किंवा रोज चार वेळा पडत असेल, तर सावध व्हावे.

पाच मिनिटांची तपासणी

सहा महिन्यांतून एकदा, सुटीच्या दिवशी घरातली सगळी हेल्मेट उजेडात घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात.

• उत्पादनाची तारीख : आतल्या कापडाखाली किंवा पट्ट्याजवळच्या चिठ्ठीवर असते. चिठ्ठी पुसली गेली असेल आणि खरेदीचे वर्षही आठवत नसेल, तर हेल्मेट जुने झाले आहे असेच समजावे.

• कवच : कडेने बोट फिरवावे. तडे, खोल ओरखडे, रंग उडून पांढरट झालेली जागा दिसते का, हे पाहावे. दोन्ही बाजूंनी हलके दाबावे. करकर आवाज आला तर हेल्मेट बाद.

• आतला थर : मऊ अस्तर निघत असेल तर काढून थर्माकोल पाहावा. खळगा, भेग, भुगा किंवा कवचापासून सुटलेली जागा आढळली तर दुरुस्ती नाही, बदलणे हाच उपाय.

• पट्टा : बक्कल लावून जोरात ओढावे. सुटले तर हेल्मेट वापरू नये. पट्ट्याला गाठ मारून काम भागवू नये.

• बसण्याची परीक्षा : हेल्मेट घालून पट्टा लावावा. पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोनच बोटे मावावीत. मान हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावे, डोक्यावर फिरू नये. दुसऱ्याला मागची कड धरून पुढे ढकलायला सांगावे. हेल्मेट डोक्यावरून निघून आले, तर अपघातातही निघेल.

काच धूसर झाली असेल किंवा रात्री समोरच्या दिव्यांनी त्यावर चांदण्या दिसत असतील, तर फक्त काच बदलता येते. तेवढ्यासाठी हेल्मेट टाकायची गरज नाही.

जुने हेल्मेट कुणाच्या डोक्यावर?

घरात नवे हेल्मेट येते तेव्हा जुने फेकले जात नाही. आपल्याकडे काहीच फेकले जात नाही आणि एरवी हा गुणच आहे. जुने हेल्मेट 'मागे बसणाऱ्यासाठी' ठेवले जाते. ते आईच्या, बायकोच्या, कॉलेजला सोडायच्या मुलीच्या डोक्यावर चढते. ते तिच्या मापाचे नसते, सैल असते, पट्टा लागत नाही. 'जवळच तर जायचंय' म्हणून चालून जाते. पण गाडी घसरली की मागे बसलेल्या माणसाला धरायला हँडल नसते, समोरचा खड्डा दिसलेला नसतो. तो तयारीविना पडतो. एका वर्षात हेल्मेटविना मेलेले १४ हजारांहून अधिक सहप्रवासी हे या मागच्या सीटवरचेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वाराला, पुढच्या आणि मागच्याही, मानक हेल्मेट बंधनकारक आहे. शीख पगडीधारकांना त्यात सवलत आहे. चार वर्षांखालच्या, नऊ महिन्यांवरील बालकांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून त्यांच्या मापाच्या हेल्मेटचा नियम आहे.

म्हणून बाद केलेले हेल्मेट भंगारात देण्यापूर्वी त्याचा पट्टा कात्रीने कापून टाकावा. नाहीतर ते कुणाच्या तरी डोक्यावर परत येते. याच कारणासाठी वापरलेले हेल्मेट विकतही घेऊ नये. त्याने काय सोसले आहे, हे विकणारा सांगणार नाही.

नवे घेताना

१ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्ह नसलेली दुचाकीची हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. त्याआधी रस्त्याकडेला घेतलेले दोनशे रुपयांचे हेल्मेट घरात असेल, तर त्याचे वय मोजत बसू नये, ते आजच बदलावे. चिन्हावर वर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. चिन्हे खोटीही छापली जातात. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पडताळता येतो.

माप भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती टेप फिरवून घ्यावे. नवे हेल्मेट गालांना घट्टच लागले पाहिजे, कपाळावर मात्र टोचू नये. शक्यतो तोंड झाकणारे पूर्ण हेल्मेट घ्यावे, कारण जबडा आणि चेहरा उघड्या हेल्मेटमध्ये सुटतात. हजार-दीड हजार रुपयांत प्रमाणित हेल्मेट मिळते. पाच वर्षांवर वाटले तर दिवसाला रुपयाही पडत नाही.

अपघात झालाच तर

रस्त्यावर पडलेल्या जखमीचे हेल्मेट ओढून काढू नये. मानेचा मणका मोडला असेल तर त्या ओढण्याने हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. काच वर करावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास अडकत असेल किंवा उलटी होऊन गुदमरत असेल, तरच ते काढावे आणि तेही दोघांनी मिळून : एकाने मान आणि जबडा घट्ट स्थिर धरावा, दुसऱ्याने हेल्मेट हळूहळू सरळ रेषेत काढावे. ते हेल्मेट रुग्णाबरोबर रुग्णालयात न्यावे. मार कुठे आणि किती बसला, हे त्यावरून डॉक्टरांना कळते.

हेल्मेट होते आणि माणूस उठून बोलतोय, म्हणून निर्धास्त राहू नये. कवटीच्या आत रक्तस्राव होत असताना रुग्ण काही तास शुद्धीवर असू शकतो. डोकेदुखी वाढणे, वारंवार उलट्या, झोप अनावर होणे, बोलण्यात गोंधळ, हातापायात कमजोरी, झटका, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यांपैकी काहीही दिसले, तर सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

नव्या हेल्मेटच्या आत खरेदीचा महिना आणि वर्ष पक्क्या शाईने लिहिलेली छोटी चिठ्ठी आजच चिकटवून ठेवावी. पेनाने थेट थर्माकोलवर मात्र लिहू नये, काही शाईंमध्येही द्रावक असते. पुढच्या वेळी 'चालतंय की अजून' म्हणण्याआधी ती तारीख वाचावी, आणि मागच्या सीटसाठी ठेवलेल्या हेल्मेटचीही वाचावी.